जंपरपुराण पुरे

हार्डवेअरच्या धंद्यात केस पांढरे झालेली चार माणसं एकत्र आली की चहाचा दुसरा कप येईपर्यंत जंपरपुराण सुरू होतं. कथासार ठरलेलं आहे. आमच्या वेळी लॅन कार्ड बसवणं म्हणजे पोरखेळ नव्हता. कॅबिनेट उघडायचं, चिमट्याने जंपर हलवायचे, आयआरक्यू जुळवायचा, कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक फायली हाताने लिहायच्या, तेव्हा कुठे नोड सर्व्हरला लागायचा. त्या खस्तांनी आम्हाला कॉम्प्युटर शिकवला. आजची पोरं वायर खोचतात आणि नेट सुरू होतं, म्हणून त्यांना आतलं काही कळत नाही.

मी याच पिढीतला आणि याच धंद्यातला. खस्ता खऱ्या होत्या, हे मीही सांगेन. पण खस्तांनी शिकवलं हे मला मान्य नाही, आणि ‘पोरांना काही येत नाही’ हे तर मुळीच नाही. हे पुराण आता हार्डवेअरच्या क्लासमध्ये अभ्यासक्रमासारखं सांगितलं जातं आणि ऐकणारी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं माना डोलावतात, म्हणून त्याचा समाचार घ्यायला हवा.

पुराण सांगणारे तपशिलाशी आले की घाई करतात. आपण करायला नको. लॅन कार्डाला पीसीशी बोलायला मुख्यतः दोन गोष्टी लागत. एक पत्ता, म्हणजे आय-ओ पोर्ट; आणि ‘माझ्याकडे माल आलाय, उचल’ असं प्रोसेसरला कळवणारी एक तार, म्हणजे आयआरक्यू. १९८१च्या आयबीएम पीसीत अशा आठ तारा होत्या. १९८४च्या पीसी-एटीत या तारा सांभाळणारी दुसरी ८२५९ चिप जोडल्यावर वापरता येण्याजोग्या पंधरा झाल्या. त्यांतल्या बऱ्याच तारांवर आधीच कोणीतरी ठाण मांडलेलं असे. शून्यावर टायमर, एकवर कीबोर्ड, तीन आणि चारवर सीरियल पोर्ट, सहावर फ्लॉपी, सातवर प्रिंटर, चौदावर हार्ड डिस्क.

आता नोव्हेलचं एनई-२००० कार्ड घ्या. बाजारातली स्वस्त कार्डं बहुतेक त्याचीच नक्कल असत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘एनई टू थाउजंड कंपॅटिबल’ म्हटलं की दुकानदार कंपनीचं नावही विचारत नसे. मूळ कार्डावर आयआरक्यूचे पर्याय चार होते : दोन, तीन, चार, पाच. पत्त्याचेही चार : हेक्समध्ये ३००, ३२०, ३४०, ३६०. कारखान्यातून कार्ड यायचं ते तीन आणि ३००वर. तीनवर दुसरा सीरियल पोर्ट, चारवर पहिला. तिथे माउस नाहीतर मोडेम लावलेला. ३६० निवडलं तर कार्ड तिथपासून पुढचे बत्तीस पत्ते अडवायचं आणि ३७८वर राहणाऱ्या प्रिंटर पोर्टच्या हद्दीत घुसायचं. मग सोयीचं काय? पाच आणि ३००. साउंड कार्ड येऊन पाचवर बसेपर्यंत जवळजवळ प्रत्येक ऑफिसात हेच उत्तर चालत होतं. आमच्यातले बहुतेक जण नवीन जागी गेल्यावर काहीही न मोजता, न तपासता आधी पाच आणि ३०० लावून बघत. लागलं तर ‘एक्स्पर्ट’, नाही लागलं तर कार्ड खराब. एका काडेपेटीवर मावेल एवढं हे ज्ञान, आणि त्यावर मी म्हणजे माझ्या पिढीने वीस वर्षं मिशीला पीळ दिला.

याच्याखाली खरं ज्ञान होतं, ते कोणी विचारत नव्हतं. दोन कार्डांना एकच आयआरक्यू का चालत नाही? पुराणिकाला हे विचारून बघा. ‘कॉन्फ्लिक्ट होतो’ असं उत्तर येईल, म्हणजे प्रश्नच परत येईल. कारण असं की आयसा बसवर, म्हणजे पीसीच्या जोडकार्डांच्या मूळ बसवर, ८२५९ चिप तारेची पातळी बघत नाही, तार वर चढण्याचा क्षण बघते. एका कार्डाने तार वर धरून ठेवलेली असताना दुसऱ्याने हाक मारली तर चढायला जागाच उरत नाही आणि ती हाक हरवते. त्यात भर म्हणजे कार्डं ती तार वर आणि खाली दोन्हीकडे जोराने ओढतात, त्यामुळे दोघं एकमेकांशी झटत बसतात. गंमत अशी की ८२५९ चिपला पातळी बघून काम करण्याची रीतही येत होती. आयबीएमच्या बोका रॅटन इथल्या मंडळींनी ती वापरली नाही. वर्षभरात, बाजारात मिळतील ते सुटे भाग घेऊन त्यांनी यंत्र उभं केलं होतं. पुढे दीड दशक जगभरचे लोक त्या निर्णयाचे हप्ते जंपरांतून फेडतील हे त्यांच्या स्वप्नातही नसणार.

म्हणजे आपण ज्याला ‘कॉम्प्युटरचं ज्ञान’ म्हणतो, ते एका विशिष्ट कंपनीच्या एका विशिष्ट घाईचं पाठांतर होतं. आणि ही अडचण त्या काळाला अटळ होती असंही नाही. १९८५च्या अमिगात जोडकार्ड स्वतःची ओळख सांगत असे आणि यंत्र त्याला पत्ता नेमून देत असे. १९८७च्या मॅकिंटॉश टूमध्ये न्यूबसची कार्डं होती. त्यांच्या पोटात स्वतःचा दाखला सांगणारी रॉम होती, जंपर नव्हते. खुद्द आयबीएमने त्याच १९८७मध्ये पीएस-टू काढला. त्याच्या मायक्रो चॅनल बसवर आयआरक्यू वाटून घेता येत होते आणि सगळी मांडणी फ्लॉपीवरच्या प्रोग्रॅममधून होत होती. आम्ही दहिसरपासून दापोडीपर्यंत चिमटे घेऊन हिंडत होतो, त्याच्या कितीतरी आधी हा प्रश्न सुटलेला होता. मायक्रो चॅनल चालला नाही, कारण आयबीएमला परवान्याचे पैसे हवे होते आणि क्लोन बनवणाऱ्यांना ते द्यायचे नव्हते. आपण आयसावर राहिलो, कारण ते स्वस्त होतं. स्वस्ताईला माझा आक्षेप नाही. स्वस्ताईमुळेच तर कॉम्प्युटर आपल्यापर्यंत पोचला. पण स्वस्ताईची किंमत मोजली, असं सरळ म्हणावं. तिला गुरुकुल म्हणू नये.

नोव्हेलच्या नेटवेअर या सर्व्हर-सॉफ्टवेअरचा एक किस्सा तर या पुराणात हटकून येतो, तो जरा उलटून बघण्यासारखा आहे. नोड सुरू करताना एलएसएल, मग कार्डाचा ड्रायव्हर, मग आयपीएक्सओडीआय, मग नेटएक्स किंवा व्हीएलएम, अशी एकामागून एक फाइल चढवायची. सगळं नीट चढलं, कार्डाचा पत्ता पडद्यावर दिसला, केबल ठीक, तरी ‘फाइल सर्व्हर सापडत नाही’. पुराणिक सांगतो की आम्ही नेट-सीएफजी फाइल उघडली, फ्रेम ८०२.३ची ८०२.२ केली आणि सर्व्हर दिसला. टाळ्या. पण ही ओळ बदलायची का लागत होती? नेटवेअर ३.११पर्यंत नोव्हेलची रीत निराळी होती. आयईईईचं ८०२.२ प्रमाण पक्कं व्हायच्या आधीच नोव्हेलने माल बाजारात आणला होता, म्हणून तिच्या फ्रेममध्ये लांबीच्या आकड्यानंतर थेट आयपीएक्सचं शीर्ष सुरू व्हायचं आणि त्या शीर्षातला पहिला आकडा, न वापरलेला चेकसम, सगळे एक असा भरलेला असायचा. ३.१२पासून नोव्हेलने मूळ निवड बदलून प्रमाण ८०२.२ केली. जुने नोड आणि नवा सर्व्हर एकाच केबलवर वेगवेगळ्या भाषा बोलू लागले.

केवढी सुंदर गोष्ट आहे ही! प्रमाण ठरण्याआधी माल विकायचा की थांबायचं, आणि न थांबल्याची भरपाई किती वर्षं करायची, हे सगळं त्या एका ओळीत आहे. ती आम्हाला कोणी सांगितली नाही आणि आम्हीही विचारली नाही. ‘३.१२ असेल तर ८०२.२’ एवढं एकाने दुसऱ्याच्या कानात सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. खस्तांना शिकवायचंच असतं तर इथे त्यांना उत्तम संधी होती.

प्रतिपक्षाचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि ते केबलचं आहे. पातळ कोअ‍ॅक्सवरचं इथरनेट म्हणजे ऑफिसभर फिरणारी एकच तार, प्रत्येक नोडला एक टी, आणि दोन टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर. कोणी टेबल सरकवताना तार ओढली की सगळं ऑफिस बंद. अशा वेळी मल्टिमीटर घेऊन टीवर मोजायचं : २५ ओहम आले तर दोन्ही टोकं शाबूत, ५० आले तर एका बाजूला तुटलंय. मग केबल अर्ध्यात तोडून टर्मिनेटर लावायचा आणि कोणता अर्धा जिवंत आहे ते बघायचं. ही पद्धत माणसाला खरोखर घडवते. कारण तिथे आकडा का येतो हे समजूनच मोजावं लागतं. समांतर जोडलेले दोन रोध शाळेच्या पुस्तकात सापडतात. ते ज्ञान कोणाच्या मुठीत नव्हतं. लॅन कार्डाच्या ड्रायव्हरचं होतं, आणि खरा मुद्दा इथे आहे.

त्या काळात एखाद्या सहकारी बँकेच्या शाखेत नोड पडला की एएमसीवाला, म्हणजे देखभालीच्या कराराचा माणूस, येईपर्यंत काउंटर बंद. तो यायचा, पडदा स्वतःकडे वळवायचा, दहा मिनिटं खुडबुड करायचा, ‘आयआरक्यूचा लोचा होता’ म्हणायचा आणि सही घेऊन जायचा. काय बदललं ते कागदावर कधीच लिहीत नसे. कार्डासोबत आलेलं चार पानी माहितीपत्रक, ज्यात जंपरांचा पूर्ण तक्ता असायचा, तेही बॅगेत जायचं. सेटअपची फ्लॉपी तर जायचीच. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे कोण्या एका कंपनीचं वागणं नव्हतं. धंद्याची रीतच ती होती. क्लार्क बाईंना ती चार पानं दिली असती तर त्यांनी दुसऱ्या वेळी आम्हाला बोलावलं नसतं, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. आज जंपरांच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांना हरवलेलं ज्ञान आठवतंय की हरवलेली मक्तेदारी, हे त्यांनी स्वतःशी ताडून बघावं.

ज्यांना त्या काळात लॅन कार्ड खरोखर कळलं, ती माणसं कशी शिकली? डॉसवर प्रत्येक नेटवर्क प्रोग्रॅमसाठी प्रत्येक कार्डाचा वेगळा ड्रायव्हर लागायचा, तेव्हा एफटीपी सॉफ्टवेअर या कंपनीने ‘पॅकेट ड्रायव्हर’ नावाची एक छोटी, कोणालाही वाचता येईल अशी नियमावली काढली. तिच्या आधारे क्लार्कसन विद्यापीठात रस नेल्सन यांनी ड्रायव्हरांचा संग्रह उभा केला, जो पुढे ‘क्रिनवर’ नावाने ओळखला गेला. त्यात नुसत्या चालणाऱ्या फायली नव्हत्या, असेंब्लीतला सगळा सोर्सही होता. एनई-२०००च्या नकला गावोगाव का झाल्या? त्यातली ८३९० चिप नॅशनल सेमीकंडक्टरची होती आणि तिची डेटाशीट उघड होती. कोणता रजिस्टर काय करतो ते त्यात लिहिलेलं होतं. नासाच्या गोडार्ड केंद्रात डोनाल्ड बेकर यांनी १९९४मध्ये थॉमस स्टर्लिंग यांच्यासोबत साध्या ४८६ पीसी जोडून बेओवुल्फ क्लस्टर उभा केला. लिनक्सचे कितीतरी इथरनेट ड्रायव्हर बेकर यांनी लिहिले आणि सोर्ससह खुले केले. ते ड्रायव्हर वाचत कॉलेजातली पोरं शिकली. बेकर यांना चिमट्याने जंपर हलवता येत असणारच. पण ड्रायव्हर लिहिता आले ते चिपची माहिती हातात होती म्हणून.

उलट बाजूही बघा. २०००नंतर वायरलेस कार्डं आली, जंपर गेले, आयआरक्यू आपोआप ठरू लागला. पुराणिकांच्या हिशेबाने लिनक्सवाल्यांना आता मजाच व्हायला हवी होती. पण ब्रॉडकॉमने आपल्या चिपांची माहिती दिली नाही. मग काही जणांनी कंपनीचा बंद ड्रायव्हर उसवून, चिप कशी वागते याचं वर्णन लिहिलं आणि दुसऱ्या गटाने, मूळ ड्रायव्हरकडे न बघता, केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. २००६मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात आला. मधल्या काळात लोक एनडीआयएसरॅपर नावाच्या जुगाडाने विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवत होते. ब्रॉडकॉमने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१०मध्ये. खस्ता म्हणाल तर जंपरांच्या दसपट. त्यातून कार्ड वापरणाऱ्या सामान्य माणसाला काय कळलं? काहीच नाही. माहिती बंद असली की खस्ता नुसत्याच खस्ता उरतात.

आता ‘पोरांना काही येत नाही’ याकडे येऊ. आधी एक गोष्ट नोंदवून ठेवतो : ‘वायर खोचली की चालतं’ हे १९९५मध्ये घडलं नाही. विंडोज ९५सोबत प्लग अँड प्ले आलं, तेव्हा अर्धी कार्डं जंपरची आणि अर्धी आपोआपची असा काला होता. थ्रीकॉमच्या ३सी५०९बी कार्डाचं प्लग अँड प्ले बंद करायला डॉसमधून त्याचा कॉन्फिग प्रोग्रॅम चालवावा लागे. डिव्हाइस मॅनेजरमधलं पिवळं उद्गारचिन्ह तेव्हाचंच अपत्य. खरी सुटका आयसानंतरच्या पीसीआय बसने केली. तिथे आयआरक्यू वाटून घेता येतो आणि प्रत्येक कार्ड स्वतःची ओळख दोन आकड्यांत सांगतं : बनवणारा कोण आणि वस्तू कोणती. इंटेलचा बनवणाऱ्याचा क्रमांक ८०८६ आहे, एवढी मिजास तिने करून घेतली आहे. रिअलटेकचा १०ईसी.

जुन्या यंत्रांचं काम आजही चालतं, आणि ते पोरंच करतात. एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात मशिनला जोडलेला पीसी एक्सपीवर अडकलेला असतो, कारण मशिनचं सॉफ्टवेअर पुढे सरकलंच नाही. मदरबोर्ड जळतो, दुसरा जुना बसवला जातो, एक्सपी टाकली जाते आणि नेट नाही. कारण एक्सपीची सीडी २००१ची आणि बोर्डवरची गिगाबिट चिप नंतर जन्मलेली. ड्रायव्हर नेटवर आहे आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा आहे. अशा वेळी दुकानातला पोरगा डिव्हाइस मॅनेजर उघडतो, प्रॉपर्टीजमधून हार्डवेअर आयडी वाचतो, ‘व्हेन १०ईसी, डेव्ह ८१६८’ असं पाहतो, मोबाइलवर तो आकडा शोधतो, पेन ड्राइव्हवर फाइल आणतो, आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडून तो आयडी तिच्यात आहे का ते तपासतो, आणि मगच टाकतो. त्याने कार्ड ओळखलं, यादीशी ताडलं, खात्री केली. ‘पाच आणि ३०० लावून बघ’ यापेक्षा ही रीत कितीतरी शहाणी आहे. जो हे करत नाही आणि ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचं कुठलंतरी फुकटं उतरवून कारखान्याच्या पीसीत व्हायरस घेऊन येतो, तोही आहेच. पण त्याला हार्डवेअर आयडी काय ते कोणी सांगितलेलंच नसतं. क्लासमध्ये तो तास जंपरपुराणात गेला.

यावर शेवटचा बचाव असा येतो की अडल्याशिवाय कोणी आत डोकावत नाही. हेही खरं नाही. आज क्यूएमू या नकली पीसी उभा करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एनई-२००० आणि आरटीएल-८१३९ ही दोन्ही कार्डं जशीच्या तशी, लोखंडाशिवाय, मिळतात. स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारी हौशी मुलं पहिला नेटवर्क ड्रायव्हर याच कार्डांसाठी लिहितात, कारण त्यांची माहितीपत्रकं मिळतात आणि चूक झाली तर खिडकी बंद करून पुन्हा सुरू करता येतं. कोणी अडलेलं नसतं. कुतूहल असतं आणि कागद हाताशी असतो. आमच्या पिढीतल्या किती जणांनी एक तरी ड्रायव्हर लिहिला, हे मी विचारत नाही. उत्तर आम्हाला माहीत आहे.

दरम्यान कागद संपत चालले आहेत, आणि त्याबद्दल पुराणात एक ओवी नाही. थ्रीकॉम २०१०मध्ये एचपीने घेतली. नॅशनल सेमीकंडक्टर २०११मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने, नोव्हेल त्याच वर्षी अटॅचमेटने. इंटेलने २०१९मध्ये जुन्या बोर्डांचे ड्रायव्हर आणि बायोस आपल्या संकेतस्थळावरून उतरवले. जंपरांच्या काळातल्या कार्डाची सेटअप फ्लॉपी आता बनवणाऱ्याकडे नाही. ती असलीच तर आमच्यापैकी कोणाच्या तरी माळ्यावर, बुरशी चढत पडली आहे, त्या चार पानी माहितीपत्रकासकट.

तेव्हा पुराणिकांना एवढंच सांगणं. पुढच्या वेळी चहाला याल तेव्हा त्या फ्लॉप्या घेऊन या. वाचतील तेवढ्यांच्या प्रती करू. माहितीपत्रकातला जंपरांचा तक्ता स्कॅन करू, त्यावर कार्डाचं नाव, त्यावरच्या मुख्य चिपचा नंबर आणि कोणत्या विंडोजवर कोणती फाइल चालली ते लिहू, आणि दुकानातल्या पोराच्या पेन ड्राइव्हवर टाकू. तो ‘तीनवर का चालत नाही हो काका?’ असं विचारेल. त्या वेळी ‘कॉन्फ्लिक्ट होतो’ म्हणू नका.